उपजिल्हा रुग्णालयातलं मैत्री क्लिनिक: पोरांसाठीही आहे, पण सांगतंय कोण?

सरकारी दवाखान्यात वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी ‘मैत्री’ नावाचं क्लिनिक असतं, हे कळायला माझा भाचा चौदाचा व्हावा लागला. केंद्राच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली ही सोय आहे, 10 ते 19 वयासाठी. कार्यक्रम 2014 चा, पण आमच्या गावात आशाताई सोडल्या तर कुणाला पत्ता नाही.

गेलो कशासाठी तेही सांगतो, कारण माझ्यासारखे मामे आणि बाप अजून असतील. सुट्टीला आलं की हे पोरगं दिवसभर विहिरीत. यंदा टी-शर्ट घालून काठावर बसून राहिलं. “मामा, मला सर्दी आहे.” भर मे महिन्यात! शिवाय चिडचिड, ताटावरून उठणं, आजीला उलट बोलणं. शेवटी एका रात्री गच्चीवर अंधारात बोलला. छातीत गाठ आलीय, हात लागला तरी दुखते. मोबाइलवर वाचून त्यानं कॅन्सर आहे असं ठरवूनही टाकलं होतं, आणि वर्गातली पोरं चिडवत होती ते निराळंच.

आता दवाखान्याचं. केसपेपरच्या खिडकीवर मी गुण कापतो. “काय होतंय पोराला?” असं आतल्या माणसानं इतक्या मोठ्यानं विचारलं की अख्खी रांग आमच्याकडे बघायला लागली. मी “ताप” म्हणून वेळ मारून नेली. क्लिनिक एक्स-रेच्या मागच्या बोळात, पाटी निम्मी पडद्याआड. आत भिंतीवर तक्ते सगळे पाळीचे आणि पॅडचे. हवेतच ते, पण मुलग्यांसाठी एकही नाही. पोरगं दारातच थबकलं, “मामा, हे बायकांचं आहे.”

समुपदेशक मॅडमना मात्र पैकीच्या पैकी. त्यांनी आधी मलाच बाहेर काढलं. “मामा, तुम्ही जरा चहा घेऊन या.” आत दोघांचं काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, भाचाही सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग डॉक्टरांनी तपासलं आणि भाच्याला विचारूनच मला आत घेतलं.

केसपेपरच्या पाठीमागं पेनानं काढून त्यांनी समजावलं. मुलग्यांच्या अंगातही थोडं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, असतंच. वयात येताना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वरचढ होईपर्यंत काही काळ दोघांचा तोल हलतो आणि बोंडाखाली बटणाएवढी चकती धरते. निम्म्याहून जास्त मुलग्यांना कमीजास्त होतं, आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जिरतं. सारखं दाबून बघायचं नाही, त्यानं दुखणं वाढतं. गाठ एकाच बाजूला कडक होऊन वाढत राहिली किंवा बोंडातून पाणी आलं, तर परत यायचं. जिममधल्या कुणी इंजेक्शनं सुचवली तर अजिबात घ्यायची नाहीत, स्टेरॉइडनं हेच वाढतं. भाच्यानं विचारलं, “म्हणजे वर्गातल्या निम्म्या पोरांना?” डॉक्टर म्हणाले, “चिडवणाऱ्यांतही असतील.” तिथं पोरगं हसलं.

झोपेवरून मॅडमनी माझीच शाळा घेतली. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा सुटायला लागतं, म्हणून पोरं सकाळी उठत नाहीत, नुसता आळस म्हणू नका. मान्य. पण मोबाइल कोण सोडवतं ते तक्त्यावर लिहा की!

औषध काही दिलं नाही, फक्त आठवड्याला एक लोहाची निळी गोळी. शाळेतही तीच मिळते आणि हा ती बाकाखाली टाकायचा, ही माहिती तिथंच फुटली. पैसे लागले नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफतच आहेत. हायवेच्या भिंतींवर ‘गुप्त समस्या’वाल्यांचे नंबर रंगवलेले असतात, तिथं हेच पोरगं गेलं असतं तर काय बिल झालं असतं देव जाणे.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण खिडकी, पाटी आणि तक्त्यांचा. जाणार असाल तर आधी आशाताईंकडून वार विचारून घ्या, मॅडम मधूनमधून शाळांत जातात. खिडकीवर “मैत्रीला जायचंय” एवढंच म्हणा, पुढचं आत सांगा.