न्यूरोब्लास्टोमा : आधी ऑपरेशन की आधी केमो?

बाळाच्या पोटात न्यूरोब्लास्टोमाची, म्हणजे कच्च्या मज्जापेशींपासून होणाऱ्या लहान मुलांच्या कर्करोगाची, गाठ निघाली की घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो, "काढून का टाकत नाहीत?" ते गाठ केवढी आहे यापेक्षा तिनं कशाला विळखा घातलाय यावर ठरतं. सीटी किंवा एमआरआय पाहून डॉक्टर 'एल१' म्हणतात की 'एल२', हे आधी विचारा.

एल१ म्हणजे गाठ एकाच भागात, मोठ्या रक्तवाहिन्यांपासून सुटी. इथे थेट ऑपरेशन सरस. गाठ नीट निघाली आणि तपासणीत एमवायसीएन या गाठीला आक्रमक बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या नसल्या, तर बहुतेक मुलांना केमो लागत नाही. अ‍ॅड्रिनलवरची (मूत्रपिंडावर असलेल्या ग्रंथीवरची) लहान गाठ दुर्बिणीनंही काढता येते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची अशी लहान गाठ तर ठरावीक अंतरानं सोनोग्राफी आणि लघवीतलं व्हीएमए-एचव्हीए (या गाठीतून येणारी रसायनं) तपासत नुसती पाहिली जाते. अनेकदा ती आपोआप विरते.

एल२ मध्ये घाई महागात पडते. महाधमनीचा किंवा आतड्याच्या धमनीचा निम्म्याहून जास्त घेर गाठीनं वेढला असेल, किंवा मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांना ती नुसती टेकली असेल, तरी ती एल२ धरतात. अशी गाठ ओढून काढताना मोठा रक्तस्राव होतो, कधी मूत्रपिंड जातं. मग सिस्प्लॅटिनसारखं मूत्रपिंडावर भार टाकणारं औषध एकाच मूत्रपिंडाच्या भरवशावर द्यावं लागतं. म्हणून आधी बायोप्सी, मग केमो. बायोप्सीत तुकडा अपुरा निघाला तर एमवायसीएन कळत नाही आणि बाळाला पुन्हा भूल द्यावी लागते. एमआयबीजी स्कॅन (शरीरात ही गाठ कुठेकुठे आहे ते दाखवणारा) केमोच्या आधीच करून घ्या, नाहीतर पुढे तुलनेला काही उरत नाही.

केमोनं गाठ आकसते, रक्तस्राव कमी होतो. पण ती रक्तवाहिनीला घट्ट चिकटूनही बसते, त्यामुळे ऑपरेशन सोपं होईलच असं नाही. केमोची किंमतही आहे: ऐकू कमी येणं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्यावर येणारा ताप. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की घरी थांबू नका.

पसरलेल्या, जास्त जोखमीच्या आजारात ऑपरेशन साधारण केमोच्या ४ ते ६ सायकलनंतर (फेऱ्यांनंतर) येतं. तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त गाठ काढणं हे ध्येय असतं. महाधमनीवर पातळ थर राहिला म्हणजे ऑपरेशन फसलं असं समजू नका. पुढे रेडिएशन असतंच. ऑपरेशननंतर चिवट जुलाब लागू शकतात, कारण धमनीभोवतालच्या नसा दुखावतात. ड्रेनमध्ये (ऑपरेशनच्या जागी ठेवलेल्या नळीत) दुधाळ पाणी आलं तर काही दिवस चरबीविना आहार देतात.

बाळाचे पाय अचानक लुळे पडले तर मात्र त्याच दिवशी दाखल करा. गाठ मणक्यात शिरलेली असू शकते.

नागपूरचं मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय), मिहानचं एम्स, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था की मुंबईचं टाटा? केमो घराजवळ घेणं आम्हाला योग्य वाटतं, पण एल२ चं ऑपरेशन अशा गाठी नेहमी काढणाऱ्या बालशल्यचिकित्सकाकडेच व्हावं, मग प्रवास पडला तरी चालेल. लहान मुलांचा आयसीयू आहे का, महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन बसतं का, हे आधी विचारा. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड, स्कॅनच्या सीडीसकट, सोबत न्या. नुसत्या रिपोर्टवर दुसरं मत नीट मिळत नाही.