नेदरलँड्समधलं 'सीबी': तापाला चालत नाही, बाकी सगळ्याला चालतं

मुलं घेऊन नेदरलँड्सला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चांगला पीडियाट्रिशियन सुचवा. इथे सुचवायचं काय? आजारी मूल हाउसआर्टसकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे न्यायचं. बालरोगतज्ज्ञ इस्पितळात बसतात आणि तिथे जायला त्याचीच चिठ्ठी लागते. धडधाकट मुलाचं वजन, उंची, लशी, बोलणं बघायला मात्र वेगळं केंद्र आहे, कॉन्सुल्तात्सीब्युरो. आपली मंडळी सीबी म्हणून मोकळी होतात. मूल चार वर्षांचं होईपर्यंत सगळं फुकट.

लेक सव्वादोन वर्षांची असताना आम्ही पुण्याहून आलो. नगरपालिकेत पत्ता नोंदवला आणि काही आठवड्यांत सीबीचं पत्र आपणहून दारात. अख्खं डचमध्ये, पण आलं. बाहेरच्या हॉलमध्येच मुलाला डायपरवर आणायचं असतं, म्हणून एक पातळ शाल न्या. मी पुण्याच्या डॉक्टरांची लसीकरणाची फाइल नेली होती. नर्सने एकेक स्टिकर वाचत तारखा उतरवून घेतल्या. आपली एमएमआर ती इथली बीएमआर, एवढं मला तेव्हा कळलं.

मग ठोकळ्यांचा मनोरा झाला आणि चित्रांचं पुस्तक निघालं. नर्सने विचारलं, "वार इज द पूस?" पूस म्हणजे मांजर. लेकीने निमूटपणे बाही ओढून पान पुसलं. नर्सने पुन्हा विचारलं, हिने पुन्हा पुसलं, या वेळी जरा जोर लावून. मी खुलासा केल्यावर नर्स हसली आणि म्हणाली, तुम्ही तुमच्या भाषेत विचारा. "मनीमाऊ कुठंय?" म्हटल्याबरोबर बोट मांजरावर. तिने तशी नोंद केली आणि मला बजावलं की घरी मराठीच बोला, तुमचं मोडकं डच तिला शिकवू नका. यासाठी माझे पूर्ण मार्क.

मार्क कापते ते पुढच्या गोष्टीला. घरात डच नसलेल्या मुलांना सीबी व्हीव्हीईसाठी, म्हणजे शाळेआधी भाषा वगैरे पक्की करून घेणाऱ्या बालशिक्षणासाठी, शिफारस देऊ शकतं. ती मिळाली की अडीच ते चार या वयात बालवाडीचे आठवड्याला साधारण १६ तास मिळतात. आमच्याकडे त्यातल्या काही तासांचे पैसे उत्पन्नाप्रमाणे आम्ही भरले, बाकीचे नगरपालिकेने. हे पहिल्याच भेटीत कुणी सांगायला नको? मला शेजारच्या तुर्की बाईने सांगितलं. मी फोन करून विचारल्यावर शिफारस लगेच मिळाली, पण तोवर बालवाडीत वेटिंग लागलं होतं. फुकट गेलेले चार महिने मी अजून विसरलेले नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा.

आणि तापलेलं मूल तिथे नेऊ नका. मी नेलं होतं, ३९.४ ताप अंगात असताना. दारातूनच गोड बोलून परत पाठवलं. हाउसआर्टसकडे फोन केला तर बाईंचे प्रश्न सुरू: किती दिवस ताप, पाणी पितेय का, शेवटचा ओला डायपर कधी? आधी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर ततपप होतं. उत्तर अर्थातच पॅरासिटामॉल, तेही गुदद्वारातून द्यायची वडी. सासूबाई व्हिडिओ कॉलवर हे ऐकून दोन मिनिटं गप्प होत्या. चौथ्या दिवशी तपासायला बोलावलं, तोवर ताप उतरला होता. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर मात्र थांबायचं नाही, लगेच फोन. पैशाची धास्ती नको. १८ वर्षांखालच्या मुलाला मूळ विम्याचा हप्ता नाही आणि मोठ्यांना उपचाराच्या खर्चातली जी ठरावीक रक्कम आधी खिशातून द्यावी लागते, तीही भरावी लागत नाही. फक्त विम्यात त्याचं नाव, जन्मल्यापासून किंवा इथे आल्यापासून, चार महिन्यांच्या आत घाला.

सीबीला पाचपैकी चार तारे.

लेक आता शाळेत जाते, चौथ्या वाढदिवसानंतर लगेच सुरू झाली. परवा तिच्याकडून टेबलावर दूध सांडलं. मी म्हटलं, "पूस." तर खाली वाकून बघत म्हणाली, "कुठंय?"