मिनी मेट्रो : अनेक महिने खेळल्यानंतरचा अनुभव

मेट्रोच्या मार्गांचे जाळे आखण्याचा ‘मिनी मेट्रो’ हा खेळ मी अनेक महिने फोनवर आणि लॅपटॉपवर खेळते आहे. तो निवांत खेळ म्हणून ओळखला जातो आणि ते खरेही आहे, परंतु त्यातला निवांतपणा फावल्या वेळात शेत पिकवण्याच्या किंवा घर सजवण्याच्या खेळांसारखा नाही. इथे हरता येते, किंबहुना साध्या प्रकारात शेवटी हरावेच लागते, आणि तरीही खेळून उठताना डोके हलके झालेले असते. असे का होते, हे मला बरेच दिवस खेळल्यावर उमगले.

न्यूझीलंडच्या ‘डायनासोर पोलो क्लब’ या गेम स्टुडिओने या खेळाचा पहिला नमुना एप्रिल 2013 मध्ये ‘लुडम डेअर’ या गेम जॅमसाठी, म्हणजे ठरावीक वेळात खेळ तयार करण्याच्या उपक्रमासाठी, ‘माइंड द गॅप’ या नावाने केला. त्या वेळचा विषय ‘मिनिमलिझम’, म्हणजे कमीत कमी गोष्टींत भागवणे, हा होता आणि संघांना वेळ होता तीन दिवसांचा. पूर्ण खेळ बाजारात आला तो नोव्हेंबर 2015 मध्ये. मधल्या काळात त्यात बरीच भर पडली असली, तरी तीन दिवसांत जेवढे मावेल तेवढेच ठेवण्याची शिस्त अजून दिसते. पैसे नाहीत, तिकिटे नाहीत, कर्मचारी नाहीत. मोजक्या मार्गिका, इंजिने, डबे, बोगदे आणि गाडी बदलण्याची मोठी स्थानके (इंटरचेंज), एवढेच भांडवल.

स्थानके वर्तुळ, त्रिकोण, चौकोन अशा आकारांची असतात आणि प्रत्येक प्रवाशाला आपल्या स्थानकापेक्षा वेगळ्या, विशिष्ट आकाराच्या कोणत्याही स्थानकावर पोचायचे असते. म्हणून चार वर्तुळे ओळीने एकाच मार्गिकेवर आली, की घात झाला असे समजावे, कारण तिथल्या कुणालाच शेजारच्या स्थानकावर उतरायचे नसते. सगळे गाडीत बसून राहतात, जागा अडवतात आणि पुढच्या त्रिकोणावर एकदम लोटतात. एका इंजिनात साधारणपणे सहा जण मावतात, डबा जोडला तर आणखी सहा. दर रविवारी एक नवे इंजिन मिळते आणि त्याखेरीज दोन वस्तूंपैकी एक निवडायची असते. नदीपलीकडे स्थानके उगवत असताना बोगदा घ्यावा की नवी मार्गिका, या प्रश्नाचे एकच उत्तर मला कधी सापडले नाही, आणि खेळाची खरी गोडी तिथेच आहे.

निवांतपणाचे कारण असे, की इथे काहीही कायमचे नाही. खेळ हवा तेव्हा थांबवता येतो, थांबवलेल्या अवस्थेत अख्खे जाळे मोडून नव्याने आखता येते, आणि त्यासाठी दंड बसत नाही. बंद केलेल्या मार्गावर गाडी असेल, तर तो मार्ग फिकट होऊन तिच्यापुरता शिल्लक राहतो आणि ती निघून गेली की पुसला जातो. तिथला बोगदाही तेव्हाच परत हाती येतो. एका मार्गिकेचे इंजिन उचलून दुसरीवर ठेवता येते. याची उलट खात्री ‘एक्स्ट्रीम’ प्रकारात पटते: तिथे आखलेली रेघ बदलता येत नाही, आणि तोच खेळ लगेच घाम फोडतो. ‘एंडलेस’ प्रकारात गर्दीमुळे डाव संपत नाही. थकलेल्या दिवशी तो बरा, पण मला तो फार लवकर कंटाळवाणा झाला.

आवाज बंद करून खेळू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. संगीतकार डिझास्टरपीस यांच्या ध्वनिरचनेत आधीच ध्वनिमुद्रित केलेली धून वाजत नाही, तर खेळात जे घडते त्यातूनच सूर तयार होतात. जाळे वाढत जाते तसा नादही भरत जातो. 2016 च्या ‘इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल’मध्ये ध्वनीचा पुरस्कार या खेळाला मिळाला, तो योग्यच वाटतो.

नकाशांत मुंबई आहे, तेव्हा आपल्याकडचे लोक आधी तीच उघडणार. मात्र किनाऱ्याची रेषा तेवढी ओळखीची वाटते. स्थानकांना नावे नाहीत, ती दर डावात वेगळ्या जागी उगवतात, त्यामुळे दादर किंवा अंधेरी शोधू नये.

तक्रारी दोन आहेत. पहिली नशिबाची: लागोपाठ तीन वर्तुळे खाडीपलीकडे उगवली आणि हाती बोगदा नसला, तर शहाणपणाचा काही उपयोग होत नाही. दुसरी फोनपुरती आहे. जाळे पसरले की स्थानके इतकी बारीक होतात, की एका मार्गिकेचे टोक ओढायला जावे तर भलतीच रेघ बोटाला चिकटते. टॅबलेट किंवा संगणक असेल तर तिथेच खेळावे. फोनवर खेळायचेच असेल, तर प्रत्येक बदल खेळ थांबवूनच करावा. निर्मात्यांनी शेवटची आखणी मागे घेण्याचे एक बटण दिले, तर ही दुसरी तक्रार जवळजवळ उरणार नाही.