सिएरा क्लबचं सभासदत्व घ्यावं का?

सॅन होजेतल्या दोघी मैत्रिणींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते. सिएरा क्लब ही अमेरिकेतली मोठी पर्यावरण संस्था. मी तिची चार वर्षं सभासद आहे, आणि माझं उत्तर 'घ्या' असंच आहे.

आधी सहली. आपल्या भागात लोमा प्रिएटा शाखा आहे. स्वयंसेवक रानवाटांवर घेऊन जातात, बहुतेक वेळा फुकट. कॅसल रॉक उद्यानात आमच्या वाटाड्या आजोबांनी लेकीला मॅड्रोनच्या खोडावर तळवा ठेवायला सांगितला. तांबडी साल कागदासारखी सुटलेली, खालचं लाकूड गुळगुळीत आणि भर दुपारी गार! अजून आठवण काढते ती.

पण वर्गणी मी भरते ती मतासाठी. क्लबचे १५ संचालक सभासदच निवडून देतात, आणि हे मत आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या प्रश्नावरही पडलंय. स्थलांतराबाबत आपण तटस्थ राहायचं, असं संचालकांनी १९९६ मध्ये ठरवलं. काही सभासदांना ते पटेना. माणसं वाढली की जंगलं जातात, तेव्हा येणाऱ्यांची संख्याच कमी करा, असं त्यांचं म्हणणं. १९९८ मध्ये सगळ्या सभासदांचं मत घेतलं, आणि सुमारे ६० टक्के तटस्थतेच्या बाजूने पडले. २००४ मध्ये कोलोरॅडोचे माजी गव्हर्नर रिचर्ड लॅम आणि त्यांच्या विचाराचे आणखी दोघे संचालकपदाला उभे राहिले, तिघेही पडले. २०१३ मध्ये तर कागदपत्रं नसलेल्यांनाही नागरिकत्वाची वाट मिळावी, असं क्लबने उघड सांगितलं.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला टोचतो. इथे आलेला माणूस इथल्यासारखंच उधळायला लागतो, म्हणतात. माझ्या बाबतीत खरं आहे. हर्णैला आईचे कपडे दोरीवर वाळतात, माझे ड्रायरमध्ये वाळायचे. पण त्यासाठी ड्रायर बंद करायचा, दार कशाला? बाल्कनीत दोरी बांधली मी.

जागतिक व्यापाराच्या बाबतीत मात्र मन दोन्हीकडे ओढतं. १९९३ मध्ये क्लबने नाफ्ताला, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या मुक्त व्यापार कराराला, विरोध केला, तेव्हा काही मोठ्या पर्यावरण संस्था कराराच्या बाजूने होत्या. पुढे कोळंबीचा वाद पेटला. जाळ्यात कासवं मरू नयेत म्हणून अमेरिकेने कोळंबीच्या आयातीला अट घातली, की जाळ्यात कासवांना निसटायची सोय हवी. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले, आणि १९९८ मध्ये अमेरिका हरली. कासवं वाचवण्याला संघटनेची हरकत नव्हती. पण कॅरिबियन देशांना जाळी बदलायला ३ वर्षं आणि मदत दिली होती, आशियाई देशांना जेमतेम ४ महिने. पुढच्याच वर्षी सिएटलमध्ये त्या संघटनेच्या बैठकीच्या वेळी आंदोलक कासवांचे वेष घालून रस्त्यावर आले.

माझी आत्या हर्णै बंदरावर कोळंबी विकायची. वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं पाण्याकडे सरपटताना मी पाहिलीयत. दोन्ही माझीच. म्हणून अशी अट घालताना कोळ्यांना नवं जाळं घ्यायला पैसे आणि मुदत द्या, हे क्लबमध्ये कुणीतरी लावून धरायला हवं, आणि ते आपल्याला जास्त ठाऊक आहे.

संचालकांची निवडणूक दरवर्षी वसंतात असते. सभासद व्हाल तर मत द्यायला विसरू नका.