गुडघेदुखीची पुडी आणि आमची फसवणूक

मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. बाहेरून आलेला साधा बोल्टसुद्धा टेस्ट सर्टिफिकेट पाहिल्याशिवाय आत घेत नाही. आणि माझ्याच आईच्या पोटात सव्वादोन महिने बिनलेबलच्या कॅप्सूल जात होत्या. आणून देणारा मीच.

आई ६७ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेले. बीपीची गोळी कित्येक वर्षं चालू आहे. त्यात टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध अशी जोडी आहे. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा, वरून जेल लावा, फारच दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. या बीपीच्या गोळीबरोबर रोज पेनकिलर नको. आईला ही टोलवाटोलवी वाटायची. खरं सांगतो, मलाही वाटायची.

मग कोणीतरी पंचवटीतल्या शिबिराचं सांगितलं. भाड्याचा हॉल, भिंतीवर धन्वंतरीची तसबीर, बाहेर चपलांचा ढीग. आत पांढऱ्या सदऱ्यातला मऊ आवाजाचा माणूस नाडी बघत होता. "माताजी, पेनकिलरनं किडनी जाते. आपल्याकडे फक्त वनौषधी," असं तो म्हणाला आणि आम्ही तिथेच विरघळलो. महिन्याची पुडी १८०० रुपये, तीही रोख. पावती मागितली तर "ही सेवा आहे, दुकान नाही." निघताना त्यानं आणखी एक सांगितलं, "यात लोहभस्म आहे. शौचाला काळी होईल, घाबरायचं नाही." या वाक्याकडे नीट लक्ष द्या, पुढे येईलच.

तिसऱ्या दिवशी आई रविवार कारंजावर रिक्षातून उतरून चालत गोदाघाटावर गेली आणि बुधवारच्या बाजारातून मेथीच्या जुड्या घेऊन आली. वर्षभरात पहिल्यांदा! मी इतका हरखलो की शेजारचे अण्णा, मावशी आणि ऑफिसमधला एक जण अशा तिघांना तिकडे नेलं. तिघं आणले की एक पुडी फुकट मिळायची. ती मी घेतली. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

महिन्याभरात आईचा चेहरा गोल झाला. लग्नात भेटलेले नातेवाईक म्हणाले, तब्येत छान भरली. पावलांवर सूज आली, ती उन्हाळ्याच्या नावावर खपवली. बीपी १७० च्या वर गेलं म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुडीचं मात्र आम्ही बोललो नाही, जडीबुटीचं काय सांगायचं! शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची होऊ लागली. ते तर आधीच सांगितलेलं होतं. आई कौतुकानं म्हणायची, "बघ, लोह लागतंय अंगाला."

एका सकाळी ती न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडली. हॉस्पिटलात हिमोग्लोबिन ६.९ निघालं, आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढून २.६. दुर्बिणीतून पाहिलं तर जठरात जखम होती आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, "पेनकिलर घेत होत्या का?" तिन्ही वेळा आम्ही छातीठोकपणे नाही म्हणालो. चौथ्यांदा त्यांनी प्रश्न बदलला, "बरं, गुडघ्यांसाठी काय चालू आहे?" तेव्हा पुडी बाहेर आली.

कॅप्सूल फोडून पाहत ते म्हणाले, "दोन दिवसांत झिजलेला गुडघा गप्प करणारी वनस्पती माझ्या तरी ओळखीची नाही. असं काम डायक्लोफेनॅकसारखं पेनकिलर करतं, नाहीतर स्टेरॉइड." आम्ही उरलेल्या कॅप्सूल एका खासगी लॅबला दिल्या. अहवालात दोन्ही निघाली, डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड. पेनकिलरची भीती दाखवून त्यानं आम्हाला पेनकिलरच विकलं होतं, तेही चमच्यानं अंदाजे भरलेलं. कोणत्या कॅप्सूलमध्ये किती, हे भरणाऱ्यालाही ठाऊक नसणार.

डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं ते जसं कळलं तसं सांगतो. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. सूज आणि वेदना त्यांच्यामुळे होते, पण जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळण्याचं कामही तीच करतात. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही सगळी औषधं ती द्रव्यं बनणंच रोखतात. त्यामुळे गुडघ्याचं दुखणं थांबतं आणि पोट उघडं पडतं. जेवणानंतर घेतली की झालं, हा आपला घरगुती समज अर्धवट आहे. पोट रिकामं नसलं तरी औषध रक्तातून फिरून अस्तरावर तोच परिणाम करतं. म्हणून वयस्कर माणसाला किंवा आधी अल्सर झालेल्याला ही गोळी द्यायचीच झाली तर डॉक्टर सोबत पॅन्टोप्राझोलसारखं पोटातलं आम्ल कमी करणारं काहीतरी देतात. स्टेरॉइड जोडीला असेल तर रक्तस्रावाचा धोका आणखी चढतो. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांचंही तेच. आईच्या बाबतीत किडनीवर तिहेरी मार बसला. टेल्मिसार्टन, लघवीचं औषध आणि वर हे डायक्लोफेनॅक. बीपी आणि पायाची सूज वाढण्यातही दोन्ही भेसळींचा हात होता.

आणि काळी शौच? लोहाच्या गोळ्यांनी ती खरोखर काळी होते. म्हणून तर ती थाप खपली. पण डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधी असेल तर ते पोटातलं पचलेलं रक्त असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. त्या माणसाला आपल्या पुडीनं काय होतं हे पक्कं माहीत होतं आणि उत्तर त्यानं आधीच देऊन ठेवलं होतं. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

मध्येच एक आठवलं. अंजनेरीच्या ट्रेकला गेलो असताना गिधाडांबद्दल ऐकलं होतं, की डायक्लोफेनॅक टोचलेली गुरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन मेली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केलं. गिधाडांची किडनी आपल्यापेक्षा कैक पटींनी नाजूक, ती तुलना माणसाला लावायची नाही हे कळतं. तरी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर तेच डोक्यात फिरत होतं.

मी हॉलवर गेलो तर कुलूप, फोन बंद. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली, पण आमच्याकडे पावती नाही, पुडीवर उत्पादकाचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही. आयुर्वेदिक औषधाच्या पाकिटावरही हे सगळं छापलेलं असावंच लागतं. संधिवात बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हेही मला तेव्हा समजलं. शिबिराचा बॅनर तर महिनाभर चौकात लटकत होता.

आईचं क्रिएटिनिन आता १.४ वर आलंय. स्टेरॉइड एकदम तोडता येत नाही, शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं, म्हणून डॉक्टरांनी ते मोजून हळूहळू उतरवलं. तुमच्या घरात अशी पुडी महिनोन्‌महिने चालू असेल तर घाबरून आज रात्री फेकू नका. ती घेऊन उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा, आणि बीपी-शुगरच्या सगळ्या गोळ्याही सोबत न्या. दुखणं परत आलंय, आई पुन्हा रिक्षा दारापर्यंत आणते, खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम कुरकुरत का होईना करते.

मी नेलेल्या तिघांना स्वतः जाऊन सांगितलं. मावशीनं लगेच रक्त तपासलं. ऑफिसातला अजून माझ्याशी नीट बोलत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. अण्णांना लॅबचा अहवाल वाचून दाखवला, आईची फाईल दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "कळलं रे. पण माझी पुडी संपलीय आणि तो फोन उचलत नाही. आईची उरलेली टाकली नसशील तर दे मला."