क्रोमचा इन्कॉग्निटो मोड: टोपी, चष्मा आणि झाकली मूठ

कंट्रोल-शिफ्ट-एन दाबलं की काळी विंडो उघडते, टोपी-चष्मेवाला गुप्तहेर हजर. हा तुम्हाला कोणापासून लपवतो? घरातल्यांपासून. बस. हिस्टरी, कुकीज (वेबसाइट तुम्हाला ओळखायला ठेवते त्या खुणा), फॉर्ममध्ये भरलेलं सगळं पुसतो. डाउनलोड केलेली पीडीएफ आणि बुकमार्क मात्र जागच्या जागी. शिवाय हे पुसलं जायला सगळ्या इन्कॉग्निटो विंडो बंद करायला हव्यात. मागे एक जरी मिनिमाइज राहिली, तरी कुकीज जिवंत आणि लॉगिन तसंच. आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता, वेबसाइटला दिसतोच. कुठल्या साइटवर गेलात हे नेटवाल्याला आणि ऑफिसच्या आयटीवाल्यालाही कळू शकतं. आत जीमेल उघडलंत तर गुप्तहेराने स्वतःच पाटी लावली म्हणायची.

इन्कॉग्निटोमध्येही गुगल माहिती गोळा करतं, यावरूनच २०२० मध्ये अमेरिकेत गुगलवर किमान ५ अब्ज डॉलरचा दावा लागला. २०२४ च्या तडजोडीत गुगलने ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी पुसायचं कबूल केलं. वापरकर्त्यांना त्यातून दमडीही नाही. इन्कॉग्निटो उघडताच दिसणाऱ्या सूचनेचा मजकूर तेवढा बदलला: वेबसाइट्स, आणि हो, गुगलसुद्धा, डेटा गोळा करतात त्यात याने फरक पडत नाही. केवढा हा प्रामाणिकपणा, कोर्टाची पायरी चढल्यावर!

बायकोच्या वाढदिवसाची भेट शोधायला किंवा दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मेल बघायला झकास. त्यासाठी पाचपैकी तीन तारे.