एकाच डिस्कवर विंडोज ११ आणि लिनक्स मिंट: काही महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर लॅपटॉपवर विंडोज ११ च्या शेजारी लिनक्स मिंट २२ ही दुसरी, मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, आणि दिवाळी अंकांची सगळी धावपळ या जोडीवर पार पडली. आता खात्रीने सांगते, डिस्कची वाटणी नीट विचार करून केली असेल तर दोन्ही सिस्टीम एकत्र बिनबोभाट चालतात. मिंट बसवायला फार वेळ लागत नाही. कुणाला किती जागा द्यायची हे ठरवायला मात्र एक अख्खी संध्याकाळ द्या, पुढचे सगळे महिने त्यावर अवलंबून असतात.

आधी गरज सांगते. मी मुंबईत घरून अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते. इथल्या प्रकाशकांकडे जुन्या पुस्तकांच्या फाइल्स अजून श्री-लिपीत आहेत. युनिकोडच्या आधीच्या त्या फाँटच्या फाइल्स उघडायला विंडोजच लागतं. नवं लेखन, मेल, पीडीएफ तपासणं हे सगळं मिंटवर. व्हर्च्युअल मशीनचा विचार केला होता, पण ८ जीबी रॅममध्ये एकाच्या पोटात दुसरी सिस्टीम चालवली की दोन्ही रखडतात.

माझ्या लॅपटॉपची डिस्क, म्हणजे ५१२ जीबीचा एसएसडी, विंडोजमध्ये साधारण ४७६ जीबी दिसतो. त्यातले १८० विंडोजच्या सी ड्राइव्हला, शेवटचे ८० मिंटला, आणि मधली उरलेली जागा दोघांच्या सामायिक डेटाला. हा क्रम मुद्दाम ठेवला. पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या वाटून दिलेल्या भागाचा, उजवा काठ सरकवणं सोपं असतं. डावा काठ सरकवायचा तर आतला सगळा डेटा उचलून पुढे न्यावा लागतो. त्याला तासन्‌तास लागतात आणि मध्येच वीज गेली तर फाइल्स जाऊ शकतात. उद्या सी भरलाच तर मधला डेटा बाहेरच्या डिस्कवर काढायचा, ते पार्टिशन मोडायचं आणि सी उजवीकडे वाढवायचा. मिंटला हातही लागत नाही. नेटवरच्या बहुतेक सूचनांमध्ये डेटाचं वेगळं पार्टिशन ऐच्छिक म्हणून सांगतात. माझ्या मते ते नसेल तर या सगळ्या खटाटोपाचा अर्धा फायदा गेला.

जागा मोकळी करताना विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच सी आकसून घ्यावा. ड्राइव्ह अर्धा रिकामा असला तरी ते कधीकधी थोडीशीच जागा द्यायला तयार होतं. पेजफाइल (रॅम अपुरी पडली की वापरली जाणारी), हायबरनेशनची फाइल (चालू काम डिस्कवर लिहून लॅपटॉप बंद करायची सोय), रिस्टोअर पॉइंट (जुन्या स्थितीत परतण्यासाठीच्या नोंदी) अशा न हलणाऱ्या फाइल्स मध्येच कुठेतरी बसलेल्या असतात, हे त्याचं कारण. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टीम प्रोटेक्शन (रिस्टोअर पॉइंट ठेवणारी सोय) तात्पुरतं बंद करून लॅपटॉप रीस्टार्ट केला की बहुतेक वेळा बरीच जास्त जागा सुटते. नंतर पेजफाइल आणि प्रोटेक्शन परत चालू करा. हायबरनेशन मात्र कायमचं बंद राहू द्या.

कारण विंडोज लवकर सुरू करणारं फास्ट स्टार्टअप त्यावर चालतं. ते चालू असताना शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपली अर्धी स्थिती डिस्कवर लिहून झोपतं आणि एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवण्याची पद्धत) पार्टिशनवरचा ताबा सोडत नाही. मग मिंट तो डेटा फक्त वाचू देतं, किंवा उघडतच नाही. डेटा पार्टिशन एनटीएफएसच ठेवलं, कारण मिंटची तशीच पद्धत, ईएक्सटी४, विंडोजला आपणहून वाचता येत नाही, आणि दोघांना चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवणं) नसल्याने अचानक बंद पडल्यावर फाइल्सचा भरवसा कमी. विंडोजचं मोठं अपडेट आलं की फास्ट स्टार्टअप परत चालू झालेलं नाही ना, एवढं मी पाहून घेते.

घड्याळाचा घोळ आमच्या कामात फार महत्त्वाचा. लिनक्स लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक वेळ. त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ साडेपाच तासांनी चुकलेली दिसते. नेट जोडलं की सुधारते, पण तोवर सेव्ह केलेल्या फाइलवर चुकीची वेळ बसते. प्रकरण सातचं दुसरं प्रूफ आधीचं की तिसरं, हे तारखेवरून ओळखणाऱ्या माणसाला ते चालत नाही. मिंटलाच स्थानिक वेळ वापरायला सांगितलं आणि प्रश्न मिटला. तशी आज्ञा दिल्यावर सिस्टीम एक इशारा देते, तो मुख्यतः वेळक्षेत्र बदलण्याबद्दल आणि उन्हाळी वेळेबद्दल असतो. भारतात घड्याळं वर्षातून दोनदा मागेपुढे होत नाहीत, म्हणून इथे ही सोय निर्धोक आहे.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं सांकेतिक कुलूप) चालू असेल तर वाटणीला हात लावण्याआधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, लॅपटॉपमधल्या फाइलमध्ये नको. बूटचा, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्याचा, क्रम बदलला की विंडोज ती मागू शकतं. अपडेटमुळे दोन सिस्टीमवाल्यांची अडचण होऊ शकते हेही खरं आहे: ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टीमच सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरूच होईना. म्हणून मिंट बसवायला वापरलेला पेनड्राइव्ह मी पुसलेला नाही, तो कपाटात तसाच आहे.

मिंटवर मराठी लिहिण्याचं सुख वेगळंच. कीबोर्डच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना) निवडलं की झालं, बाहेरून काही उतरवावं लागत नाही. 'दऱ्या'मधला अर्धा र इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे आणि मग हलन्ताचा डी दाबून सरळ उमटतो, आणि लिब्रेऑफिसमध्ये तो तुटत नाही. दिवसभर प्रुफं वाचणाऱ्याला याची किंमत कळेल.

तक्रारी आहेतच. फिंगरप्रिंट मिंटमध्ये चालत नाही, झाकण मिटून ठेवल्यावर बॅटरी विंडोजपेक्षा जास्त उतरते, आणि प्रकाशकाचा फोन आला की सगळं बंद करून दुसऱ्या सिस्टीममध्ये जावं लागतं. या शेवटच्या गोष्टीवर इलाज नाही. दर तासाला दोन्ही लागत असतील, तर रॅम १६ जीबी करून व्हर्च्युअल मशीन घ्या. मात्र डाँगलवर (यूएसबीला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारं सॉफ्टवेअर त्यात आधी तपासून पाहा.

आणि लॅपटॉपमध्ये दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) रिकामा असेल, तर वाटणीच्या फंदात पडूच नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून छोटा एसएसडी आणा आणि मिंट त्यावर बसवा. बसवताना विंडोजचा एसएसडी काढून ठेवला तर बूटच्या फाइल्सही ज्याच्या त्याच्या डिस्कवर राहतात. माझ्या लॅपटॉपला तो स्लॉट नाही.